पुकारा झाला तेव्हा भाऊ बागेत होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या जिल्हा पानावर एक छोटी बातमी होती. मथळा होता, 'धनादेश न वटल्याप्रकरणी व्यापाऱ्याची निर्दोष मुक्तता'. शेवटच्या ओळीत कारण दिलं होतं : फिर्यादी तारखेला गैरहजर. म्हणजे उलटतपास नाही, पुरावा नाही, चेकवरची सही कुणाची यावर कुणी चकार शब्द काढलेला नाही. तरी मथळ्यात 'निर्दोष'. बातमीदाराला दोष देत नाही. आमच्या रोजनाम्यातही, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदीतही, तोच शब्द असतो, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक.

मी 1986 साली न्यायखात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि 2018 साली बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कोर्टांत, बहुतेक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या डायसखाली. 'फिर्यादी व त्यांचे वकील गैरहजर. पुकारा केला. आरोपी हजर. कलम 256 प्रमाणे आरोपीस निर्दोष सोडण्यात येते.' (256, म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं; पुढे येणारी कलमंही बहुतेक त्याच संहितेतली.) हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. लिहिताना हात कधी थांबला नाही. उलट बरं वाटायचं, एक फाईल निकाली निघाली, महिन्याच्या तक्त्यात एक आकडा वाढला.

मग हेच वाक्य आमच्या घरात आलं.

माझा धाकटा भाऊ द्राक्ष बागायतदार आहे. 2019 च्या फेब्रुवारीत त्यानं एका व्यापाऱ्याला साडेदहा टन माल दिला. आमच्याकडे भाव चार किलोच्या पेटीवर ठरतो; 152 रुपये पेटी ठरली, 2625 पेट्या भरल्या, 3 लाख 99 हजार झाले. व्यापाऱ्यानं 79 हजार रोख दिले आणि बाकीच्या 3 लाख 20 हजारांचा पुढच्या तारखेचा चेक. चेक परत आला, सोबत बँकेची ती बोटभर चिठ्ठी : खात्यात पुरेशी रक्कम नाही. मी म्हटलं, घाबरू नकोस, हे माझं रोजचं काम होतं. तीस दिवसांच्या आत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. सगळं मुदतीत बसवलं आणि मे महिन्यात फिर्याद दाखल झाली. चेकच्या कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीमुळे भावाचं खातं ज्या शाखेत त्याच हद्दीतलं कोर्ट मिळालं. नाहीतर 2014 च्या ऑगस्टमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावाला जावं लागत होतं. तेव्हा परत पाठवायच्या फिर्यादींचे गठ्ठे मी स्वतः बांधलेत, आणि वर्षभरात कायदा पुन्हा फिरल्यावर त्यातले काही सोडलेत. सुतळीसुद्धा तीच होती.

मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. 2023 च्या फेब्रुवारीत उलटतपासाची तारीख लागली. द्राक्षवाल्याला फेब्रुवारीतली तारीख म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला सांगायला नको. त्याच दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याची गाडी आली, माल उतरायला वीस बायका, पेट्या, कागद, सगळं बागेत. भाऊ म्हणाला, आण्णा, तुम्ही जावा, वकीलसाहेब हायतच. वकीलसाहेब त्या दिवशी सांगलीला एका अर्धवट चाललेल्या खटल्यात अडकले होते. ज्युनिअर येणार होता, तो आला नाही.

मी कोर्टात होतो. शेवटच्या बाकावर. अकरा वाजून दहा मिनिटांनी शिपायानं दारात उभं राहून भावाचं नाव पुकारलं. तीनदा. बत्तीस वर्षं मी खाली मान घालून ऐकलेला आवाज, फक्त त्या दिवशी त्यात आमचं आडनाव होतं. मी अर्धवट उठलो. पण मी कोण? फिर्यादी नाही, वकील नाही, माझ्या नावे मुखत्यारपत्र नाही. माझ्या जागी बसलेल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि पुन्हा कागदात बघायला लागली. तिनं तेच केलं जे मी केलं असतं. मॅडमनी, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी, फाईल बाजूला ठेवायला सांगितली, म्हणजे दुसऱ्या पुकाऱ्याला घेऊ. मी बाहेर येऊन फोन लावला. बागेत रेंज नाही. शेजारच्या बागेतल्या पोराला पळवलं. बारा वाजता दुसरा पुकारा झाला. आरोपी हजर, त्याचे वकील हजर. वकिलांनी अर्ज दिला की फिर्यादीला खटला चालवण्यात स्वारस्य नाही. मॅडमनी मागच्या तारखा चाळल्या. आधी दोनदा भाऊ गैरहजर होता हे खरं आहे, एकदा फवारणी म्हणून, एकदा आमची आई वारली म्हणून. आदेश झाला. सही झाली.

बारा चाळीसला भाऊ आला. मोटारसायकल उभी न करता तशीच पायरीला टेकवली. हात द्राक्षाच्या रसानं चिकट झालेले, दोन बोटांना कात्रीचा वळ. त्याला वाटलं आत जाऊन सांगितलं की झालं, माणूस आलाय की समोर. आणि कुणालाही तसंच वाटेल. पण कलम 362 असं सांगतं की निकालावर एकदा सही झाली की लेखनातली किंवा आकड्यातली चूक सोडून न्यायालयाला त्यात काही बदलता येत नाही. सत्र न्यायालय असो की दंडाधिकारी, सगळ्यांना लागू. गैरहजेरीमुळे निकाली काढलेली फिर्याद पुन्हा पटावर घेण्याचा अंगभूत अधिकार दंडाधिकाऱ्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्येच सांगितलंय. मी नोकरीला लागलो तेच साल. तसा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे. दिवाणी दाव्यात वादी गैरहजर राहून दावा निघाला तर त्याच कोर्टात अर्ज देऊन, सबळ कारण दाखवून, दावा परत घेता येतो. फौजदारीत ती सोय नाही. मिनिटभरात सोडण्याचा अधिकार आहे, चाळीस मिनिटांनी मागे घेण्याचा नाही.

मॅडमना मी दोष देत नाही. कलमातच लिहिलंय की फिर्यादी हजर नसेल तर आरोपीला निर्दोष सोडावं, तारीख पुढे ढकलण्यासारखं कारण वाटलं तरच थांबावं. वकील हजर असेल तर फिर्यादीची हजेरी माफ करण्याचीही मुभा आहे, पण वकीलही नव्हते. आरोपीच्या बाजूनं बघाल तर तो माणूस चार वर्षं येतोय, त्यानं किती यायचं?

भावानं पायरीवर बसून मला विचारलं, "आण्णा, आपण हरलो व्हय? का नुसतं गैरहजर?"

मला उत्तर देता आलं नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्या दोन्हींत फरक नाही, हे त्याला त्या क्षणी सांगवेना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. त्या दुपारी समजा उलटं घडलं असतं, म्हणजे व्यापाऱ्याला शिक्षा झाली असती, तर त्यानं काय केलं असतं? तीस दिवसांत सांगलीला सत्र न्यायालयात अपील. कुणाची परवानगी नको, तो त्याचा हक्क. चेकच्या कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनं फार तर दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायचा आदेश झाला असता. सकाळच्या एसटीनं गेला असता, संध्याकाळी घरी जेवला असता. आणि आम्ही? कलम 378, पोटकलम 4. स्वतः फिर्याद दिलेल्या खटल्यात आरोपी सुटला तर फिर्यादीनं उच्च न्यायालयात जायचं, आधी 'विशेष परवानगी' मागायची, ती साठ दिवसांत मागायची, ती मिळाली तर पुढे अपील. सरकारी नोकर फिर्यादी असेल तर त्याला मात्र सहा महिने. बागायतदाराला दोन.

तेव्हा कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, नव्हतं. उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, इथून जवळपास चारशे किलोमीटर. रोजनाम्याची आणि आदेशाची नक्कल घेतली, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घातली, सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसलो. मुंबईचे वकील चांगले भेटले, पण त्यांची फी, टंकलेखन, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं, दोघांचं येणं-जाणं असं करत पहिल्या खेपेलाच जे गेले त्यात भावाची एक फवारणी सहज झाली असती. फोर्टमधल्या त्या दगडी इमारतीचा जिना चढताना भाऊ सारखा वर बघत होता. मीही. बत्तीस वर्षं 'मा. उच्च न्यायालय' असं रोज लिहिलं, आत पाऊल टाकलं ते पहिल्यांदा, आणि तेही पक्षकार म्हणून.

एक गोष्ट मला नोकरीत असताना कधी खटकली नव्हती, ती त्या जिन्यावर खटकली. समजा भावाच्या बागेतली मोटार चोरीला गेली असती, पोलिसांनी गुन्हा नोंदवून खटला चालवला असता आणि दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला सोडलं असतं. अशा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात 2006 पासून जिल्हाधिकारी सरकारी वकिलाला सत्र न्यायालयात अपील करायला सांगू शकतात. ते नाही झालं तरी 31 डिसेंबर 2009 पासून कलम 372 ला एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून घातलेली पुरवणी, जोडलेलं आहे : पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते, आणि शिक्षेविरुद्धचं अपील जिथे चाललं असतं तिथेच. म्हणजे सांगलीला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं असंही सांगितलं की पीडिताला त्यासाठी परवानगी मागावी लागणार नाही. मोटार गेली तर सांगली, सव्वातीन लाख बुडाले तर मुंबई. माणूस तोच, दंडाधिकारीही तेच. फरक एवढाच, की एका वेळी कोर्टाच्या दाराशी पोलीस घेऊन आले आणि एका वेळी तो आपल्या पायानं आला.

कुणी म्हणेल, पूर्वी तर एवढंही नव्हतं. खरंय. 1898 च्या संहितेत कलम 417 खाली निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचं ते फक्त सरकारनं. फिर्यादीला विशेष परवानगीची खिडकी उघडली ती 1955 च्या दुरुस्तीनं. त्या काळी ती मोठीच गोष्ट असणार. पण तेव्हा दंडाधिकाऱ्यांपुढच्या खाजगी फिर्यादी म्हणजे शिवीगाळ, मारहाण, बांधाचं भांडण. चेक न वटणं गुन्हा ठरवणारं, परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138 आलं 1 एप्रिल 1989 ला. त्यानंतर तालुक्याच्या कोर्टाचा चेहराच बदलला. लोखंडी कपाटं पुरेनात, व्हरांड्यात रॅक लागले. आणि गंमत अशी की इतक्या पैशांचे व्यवहार ज्यांच्यापुढे आले त्या प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांना दंडाची मर्यादा होती पाच हजार रुपये. कलम म्हणतं चेकच्या दुपटीपर्यंत दंड करा, कलम 29 म्हणतं पाच हजारांच्या वर जाऊ नका. दोन लाखांच्या चेकला पाच हजार दंड झालेला मी माझ्या हातानं रोजनाम्यात लिहिलाय. आरोपीनं खिशातून काढून तिथल्या तिथे भरला आणि पावती घडी करून ठेवली. फिर्यादी, एक किराणावाले, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, ह्यात माझं काय?" मग 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाट दाखवली की दंडाला मर्यादा असली तरी कलम 357(3) खाली नुकसानभरपाई द्यायला मर्यादा नाही, आणि पुढे 2003 पासून चेकच्या खटल्यापुरती दंडाची अडचणच दूर झाली. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 23 खाली सर्वसाधारण मर्यादाही पन्नास हजार झालीय. म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हात मोठा करायचं संसदेला सुचतं. तोच हात चुकला तर दुरुस्तीचं दार जवळ आणायचं मात्र सुचत नाही.

सुचवलं नव्हतं असंही नाही. विधी आयोगानं 2009 च्या आपल्या 221 व्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादी प्रकरणात आरोपी सोडला तर त्याविरुद्धचं अपीलही सत्र न्यायालयातच चालावं. त्यानंतर 2023 च्या डिसेंबरमध्ये सबंध संहिताच नव्यानं लिहिली गेली, 1 जुलै 2024 ला लागू झाली. मी मुद्दाम पुस्तक आणून बघितलं. 378 चं 419 झालंय, 372 चं 413. पोटकलम 4 जागच्या जागी, विशेष परवानगीसकट. आकडे बदलले, वाट तीच.

या बाबतीत मला एक बाजू मांडायलाच हवी, नाहीतर भावाच्या सव्वातीन लाखांसाठी हा माणूस सगळा कायदा वाकवायला निघाला, असं आपल्या वाचकांतले वकील म्हणतील. सुटलेल्या माणसाला पुन्हा ओढणं सोपं असू नये, हे मला मान्य आहे. नव्वदच्या दशकात आमच्या कोर्टात एका म्हाताऱ्यावर भावकीतल्या माणसानं बांधावरची झाडं तोडल्याची फिर्याद केली होती. आठ वर्षं चालली. म्हातारा प्रत्येक तारखेला यायचा, बरोबर चटणी-भाकरीचं फडकं. सुटला त्या दिवशी पेढे घेऊन आला आणि पहिला प्रश्न विचारला, "आता परत तर बोलवत न्हाईत न्हवं?" मी म्हटलं, तो वर गेला तर बोलावतील. त्यानं पेढ्याचा पुडा परत बांधला. वाटला नाही. तो पुडा मला अजून दिसतो.

1934 साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयानं, याविषयी जे सांगितलं त्याचा आधार न्यायालयं आजही घेतात : वरच्या न्यायालयाला सगळा पुरावा पुन्हा तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण साक्षीदाराला डोळ्यांनी पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला वजन द्यावं, आणि सुटकेमुळे आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक काही कमकुवत होत नाही हे लक्षात ठेवावं. पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला दुहेरी गृहीतक म्हटलं : एक कायद्यानं मुळातच धरलेलं, दुसरं सुटकेनं पक्कं झालेलं. दुसऱ्या बाजूनं, न्या. कृष्ण अय्यर यांनी 1973 मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात, संशयाच्या फायद्याचं अवाजवी स्तोम माजवू नका असंही बजावलं. हे दोन्ही वाचून माझं मत असं झालंय की चाळणी असावी. 2018 च्या त्याच निकालात न्या. दीपक गुप्ता यांनी वेगळं मत लिहिलं होतं. सरकारला उच्च न्यायालयात परवानगी लागते तर पीडितालाही लागायला हवी, असं. बहुमत त्यांच्या बाजूनं नव्हतं, पण मला त्यात तथ्य वाटतं. माझं भांडण चाळणीशी नाही. चाळणी चारशे किलोमीटरवर का टांगली, याच्याशी आहे. जिल्हा न्यायाधीश खुनाच्या खटल्यात जन्मठेप देऊ शकतात. चेकच्या फिर्यादीत गैरहजेरीचं कारण खरं की खोटं, हे ते ठरवू शकत नाहीत?

शिवाय प्रिव्ही कौन्सिलचं ते सगळं तत्त्वज्ञान पुरावा ऐकून सोडलेल्या आरोपीसाठी आहे. आमच्या प्रकरणात कुठल्या न्यायाधीशानं कुठल्या साक्षीदाराला पाहिलं? जो साक्षीदार होता तो बागेत पेट्या मोजत होता.

दोन गोष्टी अलीकडे चांगल्या घडल्या आणि त्या आपल्या वाचकांपर्यंत पोचाव्यात असं मला वाटतं. पहिली, 8 एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी म्हटलंय की चेक न वटल्याच्या खटल्यातला फिर्यादी हा 'पीडित'च आहे, त्याचं आर्थिक नुकसान झालेलं आहे, त्यामुळे तो परंतुकाखाली विशेष परवानगीशिवाय अपील करू शकतो. म्हणजे भावाला 2023 मध्ये जो जिना चढावा लागला तो आज दुसऱ्या कुणाला चढावा लागू नये. पण त्या परंतुकात अपिलाची मुदतच लिहिलेली नाही, त्यामुळे किती दिवसांत जायचं यावर वाद घालायला जागा आहे. आणि कायद्याच्या पुस्तकात पोटकलम 4 तसंच छापलेलं आहे. गावातला माणूस, आणि खरं सांगायचं तर गावातला वकीलही, आधी पुस्तक बघतो.

दुसरी गोष्ट नव्या संहितेच्या कलम 279 मधली, म्हणजे जुन्या 256 मधली. आता फिर्यादी गैरहजर असेल तर दंडाधिकाऱ्यांनी त्याला हजर राहण्यासाठी तीस दिवसांचा वेळ द्यायचा आणि मगच आरोपीला सोडायचं. तीस दिवस! आम्हाला चाळीस मिनिटं हवी होती. ज्यानं कुणी मसुद्यात हे शब्द घातले त्याला माझा नमस्कार सांगा. मात्र 1 जुलै 2024 पूर्वी सुरू असलेले खटले जुन्याच संहितेनं चालायचे आहेत, आणि तालुक्याच्या कोर्टांतले रॅक अशाच जुन्या खटल्यांनी भरलेत. त्यांच्या नशिबी अजून जुनंच वाक्य आहे. अशा फिर्याद्यांना माझं बेंच क्लार्क म्हणून सांगणं : येता येणार नसेल तर हजेरी माफीचा अर्ज आदल्या दिवशी वकिलाकडे सही करून ठेवा, आणि व्यवहाराची माहिती असलेल्या घरातल्या एका माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. मला हे बत्तीस वर्षं माहीत होतं. स्वतःच्या भावाच्या बाबतीत केलं नाही. चांभाराची बायको अनवाणी म्हणतात, तशातला प्रकार.

राहिला तुमचा मथळा. कायद्यानं 'निर्दोष' म्हटलं म्हणून पेपरनंही तेवढंच म्हणावं असं नाही. 'फिर्यादी गैरहजर, आरोपीची सुटका' असं लिहिलंत तर चुकीचंही होणार नाही आणि वाचणाऱ्याला घडलं ते कळेल. भावाचं प्रकरण निघालं तेव्हाही एका पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्या व्यापाऱ्यानं त्या कापून लॅमिनेट करून गाळ्यात लावल्यात. पुढच्या हंगामात गावातल्या तीन बागायतदारांनी ते वाचून त्याला माल दिला. कोर्टानंच निर्दोष सोडलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आमचं प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्याच्या गुणदोषांवर लिहीत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमचे कागद तिकडे आले, ही एक मोठी सोय झाली; आता दीड-दोन तासांचा रस्ता आहे. नव्या निकालाच्या आधारे परवानगीचा अर्ज मागे घेऊन, विलंब माफीच्या अर्जासह सांगलीलाच अपील टाकावं का, यावर वकिलांशी बोलणं चाललंय. भाऊ म्हणतो, जिथं लवकर उभं करतील तिथं चला.

पुढची तारीख पुन्हा फेब्रुवारीतच पडलीय. त्या दिवशी माल उतरायचा नाही, असं त्यानं यंदाच्या व्यापाऱ्याला सौदा ठरतानाच सांगून ठेवलंय. व्यापारी म्हणाला, मग पेटीला दोन रुपये कमी. भावानं मान्य केलं.

कृपया माझं नाव आपल्याकडेच ठेवावं, छापू नये.

आपला,
एक सेवानिवृत्त बेंच क्लार्क,
जि. सांगली